बशीवाले सर

त्यांच्या शबनम पिशवीत एक पांढरी बशी असायची. कप नाही, नुसती बशी. कुणाच्याही घरात शिरले की "या, बसा" म्हणायच्या आत ते उकिडवे बसत, बशी जमिनीवर ठेवत, तिच्यावर स्वतःचं बोट उभं धरत आणि बोटाची सावली कुठं पडते, किती गडद पडते ते बघत राहत. घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पोरं दाराआडून खिदळतायत. घरातलं म्हातारं माणूस मनात म्हणतंय, ह्याच्या अंगात काही येतंय का काय! मग सर उठत, गुडघे झटकत आणि म्हणत, "स्वयंपाकघरात उजेडच नाही. वहिनी डाळीतले खडे बघतात कशा?"

वहिनी एकदम खूश. लग्न झाल्यापासून त्यांच्या डाळीतल्या खड्यांची चौकशी कुणी केलेली नसायची. घरधनी मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेला, कारण आता सर भिंतीवर तळहात थोपटणार आणि इथं खिडकी फोडा म्हणणार, हे त्याला शेजाऱ्यानं आधीच सांगून ठेवलेलं असे. "सरांना च्या द्या, पन बशी काढू देऊ नका," असं आमच्याकडं लोक एकमेकांना बजावत. बशी काढली की तासभर उठायचे नाहीत म्हणून.

ते आर्किटेक्ट. पुण्यात आयुष्यभर पोरांना इमारती शिकवून रिटायर झाले आणि नव्वदच्या दशकात मध्यावर कधीतरी नारायणगावात एक खोली घेऊन राहिले. एकटेच. इतकं पुणं सोडून टोमॅटोच्या क्रेटांमध्ये कशाला येऊन पडलात, असं मी एकदा विचारलं. मी विचारतेच, माझा स्वभाव आहे. तर म्हणाले, "पुण्यात माझ्या खिडकीत समोरच्या बिल्डिंगवर आपटून आलेला उजेड येतो. सेकंडहँड उजेडात म्हातारपण काढायचं नाही मला." मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही गोष्ट आमच्या घरी अजून कुणाला खरी वाटत नाही.

मी खेळाची बाई. माहेर मंचरचं, नोकरी इकडं राजुरीच्या पुढं आणे गावाच्या अंगाला असलेल्या एका गावच्या हायस्कुलात. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून भेटली की चहा पाजतात. मला तो चहा पुढंही प्यायचाय.

सरांची आणखी एक खोड होती. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, चेहरे तर नाहीच. घरं मात्र पक्की. "ते न्हाणीला खिडकी नसलेले गृहस्थ आले होते," असं ते आमच्या सरपंचांबद्दल म्हणायचे. मुख्याध्यापक म्हणजे "जिन्यात डोकं आपटतं ते". मी स्वतः पुष्कळ दिवस "पश्चिमेला गॅलरी केलेल्या बाई" होते. त्यात एवढा तिरस्कार असायचा की शेवटी मी नवऱ्याला सांगून त्या गॅलरीला बांबूचा पडदा लावून घेतला. त्यांना दाखवायला नेलं. बघितलं आणि म्हणाले, "आता बरं आहे. काय नाव म्हणालात तुमचं?"

दिवसा ट्यूबलाइट लावली की त्यांचा पारा चढे. पण रागावण्याची तऱ्हा अशी की आवाज चढायचा नाही, उलट आदर वाढायचा. "आपण कृपा करून ही विझवता का? दिवसाढवळ्या दिवा लावायचा तर आपल्या पूज्य वडिलांनी या खिडक्या कशाला ठेवल्या होत्या, वाऱ्याला ओळख दाखवायला?" त्यांनी कुणाला 'आपण' म्हटलं की आम्ही ओळखायचो, याची आता खैर नाही.

तर अशा माणसाच्या हातात आमच्या गावाचा हॉल पडला. म्हणजे मीच पाडला.

त्याचं असं झालं. माझी मुलींची कबड्डीची टीम होती. चांगली होती हो! पण शाळेचं मैदान हमरस्त्याला लागून. पोरी सरावाला उतरल्या की येणाऱ्या-जाणाऱ्या जीपा हळू व्हायच्या, टपोरी पोरं टपावरून शिट्ट्या मारायची, आणि कुंपणापाशी रिकामटेकड्यांचा बाजार भरायचा. मी दोघातिघांच्या मागं काठी घेऊन धावलेसुद्धा, पण रोज किती धावणार? एकेक बाप येऊन आपापली पोरगी घेऊन जायला लागला. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या पोरीकडं कुणी तसं बघितलं असतं तर मीही तेच केलं असतं.

शेवटी राहिली सुमन. धनगरवाडीची. सडपातळ, काटक, आणि चढाईला गेली की समोरच्या सातजणींची दाणादाण. मी तेवीस-चोवीस वर्षं पोरी खेळवल्या, पण असा पाय दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. तिचा बाप अजून मेंढरं राखायचा. उंचापुरा, बोलायला कमी. तो एक दिवस काठी टेकवत शाळेत आला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"बाई, पोरगी खेळती याचं मला काय नाय. पन रस्त्याव नाय खेळायची. चार भिंतीत खेळवा, मी सोता आनून सोडतो."

"आणि भिंती नाही झाल्या तर?"

"आन्याचं एक स्थळ हाये. लई मागं लागलंय. पुढल्या सालाला शाळा उघडायच्या आत तुमचं काय ते करा. मंग मी थांबायचो नाय."

सुमन दहावीला जाणार होती पुढच्या वर्षी. मी त्याला म्हटलं, करते. म्हणताना माझ्याकडं एक वीटसुद्धा नव्हती.

गावाला समाजभवनासाठी सरकारी मंजुरी आलेली होती आणि सरपंच ती उशाला घेऊन झोपले होते, कारण जागा कुठं घ्यायची यावर दोन आळ्यांचं भांडण. मी दोन्ही आळ्यांतल्या बायकांना उठवलं आणि बायकांनी घरातल्या पुरुषांना. जागा ठरली. पण बिगरखर्चाचा आर्किटेक्ट हवा होता. तेव्हा कुणीतरी सांगितलं, नारायणगावात एक येडा सर आहे, बशी घेऊन फिरतो.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला जे विचारलं ते मला अजून आठवतं. बजेट नाही विचारलं, जागा किती तेही नाही. म्हणाले, "तुमच्या मुली खेळताना बघतात कुठं?"

"समोरचीच्या डोळ्यांत, आणि पायांकडं."

"मग डोळ्यावर ऊन नको. पायाखाली सावल्या नकोत. आणि मध्ये खांब नको."

"आणि बाहेरच्यानं आत बघायला नको," मी म्हटलं.

ते थांबले. बशी काढली, पिशवीत परत ठेवली. "हे अवघड आहे," असं म्हणून एवढे खूश झाले की मला वाटलं आता माझी पाठ थोपटतात.

खिडक्या खाली ठेवल्या तर पोरं डोकावणार. खिडक्या बंद केल्या तर अंधार, आणि आमच्याकडं दिवसाची लाइट म्हणजे पाव्हणी, आली तर आली. म्हणून त्यांनी उजेड वरून आणायचं ठरवलं. भिंती सगळ्या बाजूंनी उंच, कोऱ्या. वर छप्पर पायऱ्यापायऱ्यांचं, करवतीच्या दातांसारखं. दाताची उतरती बाजू दक्षिणेला, तिच्यावर पत्रा. उभी बाजू उत्तरेला, तिच्यात काच आणि जाळी. उत्तरेकडनं ऊन जवळजवळ शिरत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर सारखा आणि गार. हे सगळं छप्पर लोखंडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये एक खांब नाही.

पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन ते ग्रामसभेत आले. लोकांनी मॉडेलभोवती गर्दी केली. मग मागून एका म्हाताऱ्यानं मान पुढं काढली आणि म्हणाला, "ही तर पोल्ट्री हाये राव!"

सभा फुटली हसून. सरपंच तर टेबलाला धरून हसत होते. त्यांच्या डोक्यात हॉल म्हणजे आरसीसीचा, वर स्लॅब, आणि स्लॅबच्या वर खांबांच्या सळया आकाशाकडं बाहेर काढून ठेवलेल्या, पुढंमागं मजला चढवून मंगल कार्यालय करायला. आमच्या भागात ज्या घरावर सळया नाहीत त्या घराला भविष्य नाही असं समजतात. सर मॉडेल उचलून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी परत आले. अंगाला कोंबड्यांचा वास. या माणसानं पंचक्रोशीतल्या जेवढ्या पोल्ट्र्या सापडल्या तेवढ्या आतून बघितल्या होत्या, प्रत्येकीत बशी ठेवून. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आपण सर्वांनी माझे डोळे उघडलेत. आपल्या कोंबड्यांना जेवढा उजेड आहे ना, तेवढा आपल्या मुलींना शाळेतसुद्धा नाही. मी आपल्या मुलींना कोंबड्यांच्या बरोबरीला आणू बघतोय. आपली हरकत आहे का?"

'आपण' वर 'आपण'. लोक चुळबुळायला लागले. बायकांमधून कुणीतरी "बराबर हाये" म्हणालं, मग दुसरी म्हणाली, आणि पोल्ट्री पास झाली.

पण खरी अडचण पुढंच होती. स्लॅब नाही म्हणजे स्लॅबचं जेवण नाही! आमच्याकडं कुणीही स्लॅब टाकली की त्या दिवशी गाव जेवतं. पाया खणताना माणूस चार जणांशी भांडेल, पण स्लॅबला जेवायला घालणार. आणि इथं एवढी मोठी सरकारी इमारत, आणि जेवण नाही? लोक सुतक असल्यासारखं तोंड करून फिरू लागले. मिस्त्री म्हणाला, "सर, लोक म्हनत्यात बिनजेवनाचं छप्पर टिकत नाय." सरांनी मला विचारलं, "मासवडी कुणाला येते?"

माझ्यासकट गावातल्या सगळ्या बायकांना येते, हे काय विचारणं झालं? मासवडीवर त्यांचा जीव. रस्सा तिखट करा म्हणायचे आणि मग नाक पुसत खायचे. कैच्या चढवायच्या दिवशी त्यांनी शाळेच्या पटांगणात गावजेवण घातलं, मासवडी, रस्सा आणि भाकरी. पंगतीत उभं राहून मासवडीचा काप हातात उंच धरला. तिरपे दोन काठ, खाली आडवा तळ, आत सारण. "ही बघा कैची. दोन बाजू एकमेकींवर टेकल्यात, खालची त्यांना फाकू देत नाही. म्हणून उभी राहते. खांब लागत नाही." आणि कैची खाऊन टाकली. पंगत हसली, पण बायका आपापल्या ताटातल्या कापाकडं निरखून बघत होत्या. त्यानंतर आमच्याकडं मासवडी फाकली तर "कैची सुटली गं" म्हणायची पद्धत पडली, ती अजून आहे.

छप्पर झालं. आत पाऊल टाकलं की बाहेरच्यापेक्षा आत जास्त मोकळं वाटायचं. नुसती लख्ख, शांत जमीन, कुठं सावलीची रेघ नाही. सर बशी ठेवून उकिडवे बसले होते आणि बोटाची सावली जवळजवळ पडत नव्हती. "बघा," म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि माझेही. खोटं कशाला सांगू?

आता आली सुमनच्या बापाची पाळी. तो आत आला, वर बघितलं, चारी कोपरे बघितले, काठी जमिनीवर आपटली.

"खांब कुठं हाये?"

"खांब नाही. गरज नाही," सर म्हणाले.

"सायेब, खांब नसल्याल्या छपराखाली मी मेंढरं नाय कोंडत. पोरगी कशी कोंडू?"

मासवडी सांगून झाली, नकाशा दाखवून झाला. तो ऐकून घ्यायचा आणि परत वर बघायचा. त्याचं बघून आणखी दोन बाप माघारी फिरले. मी सरांना म्हटलं, काहीतरी करा. सरांनी मिस्त्रीला विचारलं, कैच्यांना वजन टांगून दाखवायचं, वाळूची पोती आहेत का? वाळू नव्हती. चैत्र संपत आला होता. शेतात उन्हाळी कांदा निघालेला, घराघरापुढं गोणी लागलेल्या. सरांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "कांदे टांगा की!"

ही चूक फक्त जुन्नर-आंबेगावातच होऊ शकते.

लोकांना कल्पना इतकी आवडली की विचारू नका. प्रत्येकाला वाटायचं, आपलीही एक गोण वर पाहिजे. कैच्यांना दोर बांधले, दोरांना फळ्यांचे पाळणे, पाळण्यांवर कांद्याच्या गोणी. थरावर थर. सरांनी गणित करून ठेवलं होतं तेवढं वजन झालं, तरी लोक आणतच होते. "सर, आमची एक घ्या, आमी पन गावचेच हाये." पाळणे भरून हॉलभर लोंबत होते आणि कैच्या तसूभर हलल्या नाहीत. सुमनचा बाप रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी यायचा, गोणींच्या खाली बसायचा आणि वर बघायचा. आठवडा गेला. एका सकाळी तो म्हणाला, "धरतंय." बस्स, एवढंच. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

गोणी खाली उतरवल्या. आणि तिथंच राहिल्या.

कांद्याला भाव नव्हता त्या उन्हाळ्यात. ज्याच्या त्याच्या बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, कांदा शिगोशीग. आणि इथं गावात एक अशी जागा, जिथं ऊन शिरत नाही, वारा वरच्या वर खेळतो, जमीन कोरडी, दार कुलपाचं. "आठ दिस राहू द्या सर, जरा भाव निघू द्या." आठाचे पंधरा झाले. ज्यांच्या गोणी नव्हत्या ते म्हणाले, त्यांच्या राहतात मग आमच्या का नाही? किल्ली सरपंचांकडं, आणि सगळ्यात मोठी थप्पी सरपंचांचीच. वैशाख सरता सरता मी दार उघडलं तर गोणी भिंतीच्या वरच्या कठड्याला टेकल्या होत्या. उभं राहायला जागा नाही, चढाई कसली करताय!

मी सरांना बोलावून आणलं. ते आले, दारात थांबले, एका थप्पीवर चढले आणि बशी ठेवली गोणीवर. बोट धरलं. "वा," म्हणाले. "काय सुंदर पडलाय हो उजेड कांद्यावर. एक कांदा नासणार नाही."

माझं टाळकं सटकलं. "सर, आधी ती बशी घाला पिशवीत! तुम्हाला कांदा दिसतोय, मला माझी पोरगी जाताना दिसतेय. परवा आण्याचे पावणे बघायला येऊन गेले तिला. शाळा उघडली की तिचा बाप हो म्हणणार. तुम्ही पोरींना कोंबड्यांच्या बरोबरीला आणतो म्हणालात ना? मग कांद्यापेक्षा मोठ्या आहेत का नाहीत ते सांगा मला!"

एवढं बोलून मी रडले. खेळाच्या बाईनं रडू नये, पण रडले. सर थप्पीवर बसून राहिले, बशी मांडीवर. मग हळू आवाजात विचारलं, "लोक ऐकत नाहीत?"

"सरपंचांचीच थप्पी पहिली आहे. कोण कुणाला सांगणार?"

ते खाली उतरले आणि चालू लागले. मला वाटलं, माझ्यावर रागावले. पण त्यांनी मला 'आपण' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणाखण आवाज यायला लागला. धावत गेले तर सर आणि मिस्त्री छपरावर! दक्षिणेच्या अंगाचे पत्रे खोलत होते. एकेक पत्रा निघाला की उन्हाचा ठोकळा धाडकन आत पडे, सरळ गोणींवर. ज्या माणसानं एक तिरीप आत येऊ नये म्हणून वर्ष घालवलं, तो स्वतःच्या हातानं स्वतःचं छप्पर फाडत होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, सदरा घामानं चिंब. मिस्त्री मध्येमध्ये थांबायचा, तेव्हा सर स्वतः पाना घ्यायचे.

सरपंच सायकल टाकून पळत आले. "सर! अवो सर! काय चालवलंय? कांदा हिरवा पडंल! उकडून निघंल समदा!"

सर वरून म्हणाले, "आपण काळजी करू नये. दुरुस्ती आहे."

"कशाची दुरुस्ती? कालपत्तूर तर बरं व्हतं!"

"उजेडात चूक झाली होती. आता लक्षात आली."

"मंग पत्रं कधी बसवनार?"

सरांनी पश्चिमेकडं बोट दाखवलं. घाटाच्या अंगाला ढगांची काळी पट्टी धरलेली. मृग आठवड्यावर आलेला. "गोणी निघाल्या की लगेच. आत माणूस उभं राहायला जागा नाही, खालून धरणार कोण? आपणच सांगा."

सरपंचांनी त्यांना जे जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. येडा, भंगारवाला, आणि बाकीचं त्याच्या पुढचं. सर सगळ्याला हात जोडत होते. खाली गर्दी जमली, शिव्यांचा नुसता पाऊस. आणि मजा अशी की शिव्या देता देताच एकेक जण ट्रॅक्टर आणायला पळाला. उन्हानं गोणी तापायला लागल्या होत्या. दुपारपर्यंत रांग लागली. बायकासुद्धा डोक्यावर पाट्या घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा. जमिनीवर नुसती सालं उडत होती, घोट्यापर्यंत.

पत्रे परत बसले. दोन भोकं जुळली नाहीत, तिथं एक थेंब अजून गळतो. तो सरांना इतका लागायचा की पुढं कधी हॉलमध्ये आले तर त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसत.

एक गंमत सांगते. नंतरच्या काळात सरांचं नाव जुन्नर तालुक्यात झालं, पण हॉलमुळं नाही. लोकांनी बघितलं होतं ना, महिनाभर एक कांदा नासला नाही! सरपंचच पहिले त्यांच्या दारात गेले. "सर, तसली बराखी आमाला बांधून द्या." मग राजुरीहून आले, बेल्ह्याहून आले, पार तिकडं घोडेगावच्या अंगाचेही आले. सर चिडायचे. "मी माणसांसाठी इमारती करतो!" आणि मग बशी घेऊन जायचे आणि बांधून द्यायचे. दोन हजार सालानंतर त्यांनी उभ्या केलेल्या बराख्या आजही रस्त्यानं दिसतात, उत्तरेला तोंड करून. पुढं गुडघे गेले, तेव्हा पुण्याहून भाची येऊन घेऊन गेली. तिकडंच वारले. आम्हाला उशिरा कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

सुमन पोलिसात आहे. दोनदा राज्याच्या संघातून खेळली. पण मला ती आठवते ती त्या पहिल्या सकाळीच.

शाळा उघडायला चार दिवस होते. मी निरोप धाडले होते सगळ्यांना. पोरी आल्या, सहा-सात जणी. हॉल झाडून, धुऊन घेतला तरी कांद्याचा वास जाईना. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. सुमन बापाबरोबर आली. तिनं चपला दाराशी काढल्या, आत आली, वर बघितलं आणि जमिनीवर पाय घासून बघितला. बाप भिंतीला टेकून बसला, काठी आडवी मांडीवर. दुसऱ्या भिंतीशी सर.

मी पोरींना उतरवलं. आधी लाजत, दबकत खेळल्या, सवयीनं रस्त्याच्या बाजूला मान वळवून बघत होत्या. तिकडं नुसती कोरी भिंत. मग सुमन चढाईला गेली. दम घेतला, आत शिरली, डावीकडं झुकली, आणि तिघींना शिवून एवढ्या झटक्यात मागं आली की तिला स्वतःलाच हसू फुटलं. मोठ्यानं हसली, तोंडावर हात न ठेवता. गेल्या वर्षभरात मैदानावर मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. सगळ्या पोरी हसायला लागल्या, आवाज वरच्या पत्र्यांत घुमला, आणि मग जो खेळ झाला! बंद करायची आठवण मलाही राहिली नाही.

थांबल्या तेव्हा तिचा बाप उठला. माझ्यापाशी आला. मी विचारलं, "आण्याच्या पावण्यांना काय सांगितलंत?"

"काल सांगितलं." त्यानं काठीचं टोक जमिनीवर फिरवलं. "म्हनलं, पोरीला टाइम नाय."

सुमन पलीकडं चपला शोधत होती, तिनं ऐकलं होतं, कारण ती तशीच वाकून राहिली.

"उद्या कवा आनू हिला?" तो म्हणाला.

"सहाला," मी म्हटलं. "सहाच्या आत."

"साडेसहा करा," भिंतीशी बसलेले सर मान वर न करता म्हणाले. "सहाला उजेड जमिनीवर उतरलेला नसतो."

सुमनच्या बापानं त्यांच्याकडं बघितलं, मग वर, छपराकडं.

"मंग साडेसहाला," म्हणाला, आणि मेंढरं सोडायला निघून गेला.